पाकिटावर न मावलेला शब्द

नाऊतिलिओ सेगुरा चौतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात होते आणि तेवढ्या काळात सान रामोन गावातला एकही तुकडा त्यांनी मोजल्याशिवाय सोडला नव्हता. निवृत्त झाल्यावर मोजायला फक्त घर उरलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले चमचे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात जाहीर केलं की ओटा डाव्या बाजूला अकरा मिलिमीटर उतरता आहे. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बायकोने, सीनियाने, त्यांचा दंड धरून त्यांना व्हरांड्यात नेलं आणि एक झुलती खुर्ची दाखवली.

व्हरांड्यात अशा दोन खुर्च्या होत्या. एकीत सीनियाचा भाऊ एलादिओ बसलेला असे. आपल्या घराचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत म्हणून तो राहायला आला होता, त्याला आता बारा वर्षं झाली होती. त्याच्याजवळ एक रेडिओ होता आणि प्रत्येक विषयावर एक मत होतं. रेडिओ निदान बंद तरी करता येत असे. दुसरी खुर्ची रिकामी होती आणि एलादिओ तिच्यावर पाय ठेवत असे.

नाऊतिलिओंनी त्या खुर्चीकडे पाहिलं. त्या खुर्चीत एकदा बसलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे त्यांना पुराव्यासकट शेजारीच दिसत होतं.

"सीनिया," ते घाईने म्हणाले, "तुमच्या त्या पार्सलांचं काही काम असेल तर मला सांगा ना."

सीनिया कॉफीच्या चोथ्याचं उटणं, अ‍ॅव्होकॅडोचं क्रीम आणि चेहऱ्याला लावायचं तेल करायची. उटणं डबीत, क्रीम काचेच्या छोट्या बरणीत, तेल ड्रॉपरच्या बाटलीत. फोनवर ऑर्डरी यायच्या आणि ती जुन्या बुटांच्या खोक्यांत वर्तमानपत्र कोंबून माल पाठवायची. गेल्या नाताळात एक बाटली वाटेत फुटली आणि कार्तागोच्या एका बाईंचं पत्र आलं होतं, "तेल अप्रतिम आहे. माझ्या विजेच्या बिलाची त्वचा फारच मऊ झाली आहे." ते पत्र सीनियाने फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं आणि ती रोज दूध बाहेर काढताना ते वाचायची.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या गावात नवरा बायकोला, आई लेकराला आणि मालक कुत्र्याला 'तुम्ही'च म्हणतो, पण 'तुम्ही' म्हणूनही कान उपटता येतो.

"हे बघा," ती म्हणाली, "पंधरा ऑगस्टच्या एकतीस ऑर्डरी आहेत. मातृदिनाच्या. गादीची पाकिटं मिळतात म्हणे आता, आत अस्तर असलेली. ती कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा. माल भरायचा तुम्ही, पत्ते घालायचे तुम्ही. एकही बरणी फुटता कामा नये आणि एकही पाकीट चुकता कामा नये. जमलं, तर माझ्या टेबलाचं हे टोक कायमचं तुमचं."

"आणि नाही जमलं तर?"

सीनियाने व्हरांड्याकडे पाहिलं.

"या, या!" एलादिओ बाहेरून ओरडला. "मी उशी झटकून ठेवतो!"

*

सीनियाला वाटलं होतं, पाकीट निवडणं हे एका दुपारचं काम आहे. नाऊतिलिओंना त्याला तीन आठवडे लागले.

त्यांनी राजधानीहून अकरा प्रकारचे नमुने मागवले, ते टेबलावर उत्तर-दक्षिण मांडले आणि चष्मा लावला. पहिला शोध पहिल्याच दिवशी लागला. पाकिटावर छापलेलं माप बाहेरचं असतं. आतलं अस्तर दोन्ही बाजूंनी जागा खातं, चिकटायची पट्टी वरून खाते, आणि अठराचं म्हणून घेतलेलं पाकीट बरणीच्या वाट्याला येईपर्यंत पंधराचं झालेलं असतं.

"ही फसवणूक नाही," ते म्हणाले, "पण आमच्या खात्यात यावर एक माणूस निलंबित झाला असता."

मग परीक्षा सुरू झाल्या. खऱ्या बरण्या फोडायला सीनियाची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी बरणीच्या जागी अंडी घातली. एकेक पाकीट व्हरांड्याच्या कठड्यावरून, मग पेरूच्या झाडावरून, मग छपरावरून खाली टाकलं. वाचलेली अंडी सकाळच्या भात-घेवड्याबरोबर ताटात यायची, फुटलेली कापितान खायचा. कापितान हा त्यांचा कुत्रा. आठवड्याभरात त्याची कातडी इतकी तुकतुकीत झाली की शेजारणीने त्याला कुठलं तेल लावता म्हणून विचारलं.

खाकी कागदाची पाकिटं दिसायला सोज्वळ होती, पण बादलीत बुडवल्यावर त्यांचा लगदा झाला, आणि ऑगस्टमध्ये सान रामोनला दुपारी दोननंतर बादली बाहेरच असते. जाळीदार कागदाच्या अस्तराची पाकिटं सीनियाला आवडली. पण त्यांच्यावर एलादिओ बसला. म्हणजे त्याला बसवलं. टपालाच्या थैलीत एका पाकिटावर किती ओझं येतं ते पाहायचं होतं आणि घरात दुसरं ओझं नव्हतं. नाऊतिलिओंच्या वहीत तेव्हापासून वजनाचं एक नवं एकक आलं. 'जाळीदार : अर्ध्या एलादिओला चपटं. चंदेरी : एक एलादिओ, तडा नाही.'

"मला याचा काही मोबदला?" एलादिओने विचारलं.

"अंडं फुटलं नसेल तर खा."

"आणि फुटलं असेल तर?"

"तर पँट बदला."

चंदेरी पाकिटं मजबूत होती, पण सीनियाने ती लांबूनच नाकारली. "यात मासे पाठवतात. आईला क्रीम पाठवायचं आहे, बोंबील नाही."

शेवटी उरलं ते कॉफीच्या रंगाचं, बाहेरून प्लॅस्टिक, आत बुडबुड्यांचं अस्तर असलेलं. त्याच्या तीन साइज होत्या. मोठीत बरणी फिरत होती, मधलीत डुलत होती. सगळ्यात लहान पाकिटात बरणी, बाटली आणि डबी अशा बसल्या की जणू त्यांच्या अंगावर बेतूनच ते शिवलं असावं. नाऊतिलिओंनी ते कानाशी धरून हलवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सीनिया, इकडे या. ऐका."

सीनियाने पिठाचे हात पुसून कान लावला. "काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर!"

लग्नाच्या आधीपासून तिने त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही कारण ती नव्हती, नवी दुर्बीण होती. ती हसली आणि म्हणाली, "घ्या हेच." त्या दिवशी नाऊतिलिओ टेबलाच्या त्या टोकाला जरा ऐसपैस बसले.

*

पत्ते घालायची वेळ आली तेव्हा ध्यानात आलं की इतक्या लहान पाकिटावर पत्त्याचा कागद तळहाताएवढाच बसतो.

सान रामोनच्या रस्त्यांना नावं नाहीत असं नाही. नगरपालिकेने निळ्या पाट्या लावल्या आहेत. त्या पाटीला टेकून उभं राहून लोक एकमेकांना सांगतात, की तुम्ही त्या पूर्वीच्या दवाखान्यापासून शंभर मीटर खाली या. हे शंभर मीटर म्हणजे पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. नाऊतिलिओंनी ते सगळे शंभर मीटर मोजले होते. त्यातले काही चौऱ्याऐंशी होते आणि एक तर एकशे एकोणीस. हे दुःख त्यांनी चौतीस वर्षं एकट्याने सोसलं होतं.

पहिली ऑर्डर जोवानी नावाच्या माणसाची होती. तो राजधानीत नोकरीला होता आणि आई इथे. त्याने दिलेला पत्ता असा :

'मारिया दे लोस आंखेलेस उगाल्दे सोलोर्सानो, पूर्वीच्या ला एस्पिगा बेकरीपासून दोनशे मीटर पूर्वेला आणि पन्नास दक्षिणेला, डाव्या हाताचं घर, फाटक आधी हिरवं होतं, कुत्रा भुंकतो पण मनाने चांगला आहे, कोणी नसेल तर समोर डोन्या चायोकडे द्यावं, तिलाही वास घेऊ द्यावा.'

नाऊतिलिओंनी लिहायला घेतलं. 'सोलोर्सानो'लाच कागद संपला.

"एक साइज मोठं घ्या की," सीनिया म्हणाली. "परत करता येतात."

"मग बरणी हलेल!" नाऊतिलिओ असे दचकले की कापितान उठून बसला. "पत्ताच आटोपशीर लिहितो ना. चौतीस वर्षं मी नकाशावर बारीक अक्षरात लिहिलंय."

"लिहा. पण पाकीट पोचलं पाहिजे."

"पोचेल."

त्यांनी कात्री चालवायला सुरुवात केली. आधी कुत्रा गेला. मग फाटकाचा जुना रंग, मग समोरची डोन्या चायो आणि तिचं नाक. पाठवणाऱ्याचं नावही गेलं, कारण कुठल्या लेकाने पाठवलं हे आईला कळायचंच. मग त्यांना वाटलं, की मातृदिनाचं पार्सल आहे, तर चार-चार शब्दांची नावं हवीत कशाला? मारिया दे लोस आंखेलेस उगाल्दे सोलोर्सानो काढून त्यांनी तिथे 'आईस' एवढंच लिहिलं. ते त्यांना फारच गोड वाटलं.

चोवीस पत्ते बसले. सात मात्र एका शब्दाने कागदाबाहेर डोकावत राहिले. त्या सातांमध्ये एक शब्द सारखाच होता, 'पूर्वीच्या'. पूर्वीची बेकरी, पूर्वीचा दवाखाना, पूर्वीचा उंबर.

हा शब्द नाऊतिलिओंच्या मनातून कायमचाच उतरलेला होता. जे नाही, तिथून मोजायचं कसं? मोजणीचा खुंटा जमिनीत रोवलेला लागतो, लोकांच्या आठवणीत नाही. सातही कागदांवरून त्यांनी तो शब्द गाळला. अक्षर सुटसुटीत आलं. हात लांब करून त्यांनी पाकीट न्याहाळलं आणि स्वतःशीच मान डोलावली.

दहा तारखेला एकतीस पाकिटं टपालात पडली.

*

पंधरा ऑगस्टला सीनियाने कोंबडी-भात केला होता. टेबलावर सगळे बसतात न बसतात तोच फोन वाजला. जोवानी होता. सकाळीच आईकडे आला होता, पार्सल कसं वाटलं म्हणून विचारलं, तर आई म्हणे कसलं पार्सल?

"पाठवलंय हो," सीनिया म्हणाली. "जेवण होईपर्यंत थांबा, मी बघते."

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. मग पुन्हा. सातव्या फोनपर्यंत भात थंड झाला होता आणि नाऊतिलिओ यादी समोर घेऊन पांढरे पडले होते.

"पूर्वीच्या," ते पुटपुटले.

"काय पूर्वीच्या?"

"मी तो गाळला."

सीनियाला समजायला क्षणभर लागला. ला एस्पिगा बेकरी नऊ वर्षांपूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मैदानाजवळ गेली होती, तेच नाव आणि तेच पाव घेऊन. जुना कोपरा मात्र पूर्वीची ला एस्पिगाच राहिला. दवाखान्याचंही तेच. पाकिटं नव्या बेकरीपासून दोनशे मीटर पूर्वेला पोचली होती, अगदी बिनचूक. टपालवाल्याचा काही दोष नव्हता.

"म्हणजे 'आईस' लिहिलेलं पाकीट आज सात भलत्याच घरांत आहे," सीनिया हळूच म्हणाली. "मातृदिनाला."

व्हरांड्यातून उशी झटकल्याचा आवाज आला.

नाऊतिलिओ उठले. "मी परत आणतो."

"जेवून तरी जा."

"नको," ते म्हणाले. कापितानलाही त्यांनी सांगितलं, "तुम्ही चला."

नव्या बेकरीपासून त्यांनी पावलं मोजली. दोनशे मीटर म्हणजे खरे एकशे त्र्याहत्तर. घराचं दार उघडंच होतं. आत वीसेक माणसं जेवत होती आणि मधोमध डोन्या ओदिली बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे, चेहऱ्यावर अ‍ॅव्होकॅडोचं क्रीम इतकं की खिडकी त्यात दिसावी.

"या, या, कोण आपण? असाल ते असा. बसा!" डोन्या ओदिली म्हणाल्या. "हे पाहिलंत? माझ्या रिगोने पाठवलं! चाळीस वर्षांत या पोराला ही तारीख एकदा लक्षात राहिली नाही. मी म्हणायचे, हा दगड आहे. आणि बघा, आधी कळवलं नाही, वर नाव घातलं नाही. नुसतं 'आईस'! रात्रभर रडले मी."

रिगोबेर्तो नावाचा पन्नाशीचा दगड आईच्या पाठीमागे उभा होता. त्याने नाऊतिलिओंच्या हातातली यादी पाहिली, मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

नाऊतिलिओंनी यादी घडी करून खिशात घातली. "मी..." ते म्हणाले, "मी पाकीट कसं पोचलं ते बघायला आलो होतो. काही फुटलं तर नाही ना?"

"फुटतंय कशाला! इतकं घट्ट होतं की बाहेर काढायला दोन नातू लागले. अहो, ताट वाढा यांना!"

ते जेवले. निघताना रिगोबेर्तोने फाटकाशी त्यांना गाठलं. "साहेब, एक अक्षर बोलू नका. सकाळपासून तिने मला तीनदा आशीर्वाद दिलाय, आणि मी तिच्यासाठी आणलेला मिक्सर अजून गाडीतच आहे. कोणाचं असेल ते पार्सल, त्यांना दुसरं द्या. गाडी माझी, पेट्रोल माझं. तुम्ही फक्त सांगा कुठे."

पुढच्या घरीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. एके ठिकाणी दोन भाऊ, पार्सल आपणच पाठवलं म्हणून आईसमोर भांडत होते आणि दोघांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. सहा घरांत नाऊतिलिओंनी सहा ताटं जेवली आणि एकाही आईच्या हातून बरणी काढून घ्यायची त्यांची छाती झाली नाही.

सातवं घर गावात उरलेल्या एकुलत्या एका उंबरापासून शंभर मीटरवर होतं. तिथे घड्याळजी डॉन फिदेल एकटे राहत. त्यांच्या घरात आई नव्हती. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. भिंतीवर तिचा फोटो होता, खाली दोन ताजी फुलं, आणि फुलांच्या मध्ये कॉफीच्या रंगाचं पाकीट, न उघडलेलं.

"मंगळवारी आलं," डॉन फिदेल म्हणाले. "वर 'आईस' लिहिलंय, म्हणजे माझं नाही. तिचं. मी उघडलं नाही."

नाऊतिलिओंनी टोपी काढली. मग निघता निघता त्यांच्याने राहवलं नाही आणि त्यांनी पाकिटाचे चारी कोपरे बोटाने चाचपून पाहिले. शाबूत होते.

*

घरी आले तेव्हा मागून रिगोबेर्तोची गाडी आली. तिच्या मागच्या हौद्यात आणखी तीन लेक उभे होते, सगळ्यांच्या तोंडावर एकच अपराधी आनंद.

सीनियाने शनिवारच्या बाजारासाठी ठेवलेल्या सोळा बरण्या टेबलावर काढल्या. नाऊतिलिओंनी सात पाकिटं भरली, प्रत्येक कानाशी हलवून पाहिलं. सीनियाने पेन घेतलं.

"पत्ता सांगा."

"लिहू नका," नाऊतिलिओ म्हणाले. "आज पत्ता मीच आहे."

ते पुढे बसले, कापितान त्यांच्या मांडीवर. वरून पावसाची दोनची बादली, आज जरा उशिराने, ओतायला लागली होती. गावात आता नसलेल्या सगळ्या गोष्टी कुठे होत्या, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षांच्या नकाशांवर त्यांनीच त्या एकेक करून खोडल्या होत्या. "इथे डावीकडे घ्या, इथे दवाखाना होता. आता सरळ. थांबा. हा उंबर."

"कुठला उंबर?" रिगोबेर्तोने भर पावसात रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत विचारलं.

"तुम्ही त्याच्याच सावलीत उभे आहात," नाऊतिलिओ म्हणाले. "शंभर मीटर खाली चला."

आधी हिरवं असलेल्या फाटकात मनाने चांगला असलेला कुत्रा भुंकला. मारिया दे लोस आंखेलेस उगाल्दे सोलोर्सानो यांनी भिजलेल्या पाकिटातून कोरडी बरणी काढली, आणि शेजारून डोन्या चायो वास घ्यायला आल्या.

पाच वाजता नाऊतिलिओ परतले. व्हरांड्यात त्यांची पावलं थबकली. एलादिओच्या शेजारची खुर्ची जागेवर नव्हती.

ती आत होती. सीनियाने ती ओढत आणून टेबलाच्या त्या टोकाला लावली होती.

"फुटलं काही?" तिने विचारलं.

"नाही."

"चुकलं?"

"सात."

"अट दोन्हींची होती," सीनिया म्हणाली. "एक पाळलीत, एक मोडलीत. म्हणून टोक तुमचं, पण खुर्ची ही. बसा. आणि झुलू नका, पिठात कोपर जाईल." मग तिने त्यांच्यासमोर वही ठेवली. "दुपारपासून अठरा नव्या ऑर्डरी आल्यात. ज्यांच्या आयांना चुकून मिळालं, त्यांच्या मावश्या, आत्या, विहिणी. पत्ते आपल्या गावातलेच आहेत. सगळे 'पूर्वीच्या'ने सुरू होतात."

नाऊतिलिओ बसले. खुर्ची झुलली, त्यांनी पाय रोवून ती थांबवली. मग नमुन्यांच्या गठ्ठ्यातून त्याच रंगाचं, तेवढंच रुंद पण चार सेंटीमीटर जास्त लांब असलेलं मधल्या साइजचं पाकीट काढलं. बरणी आत घातली, वरचा जास्तीचा भाग घट्ट दुमडला, आणि कानाशी हलवलं. काही ऐकू आलं नाही. त्यांनी वही उघडून नवीन मापाची नोंद केली : 'रुंदी, बरणीएवढी. लांबी, बरणी अधिक "पूर्वीच्या".'

बाहेरून एलादिओचा आवाज आला.

"अहो, मी पाय कशावर ठेवू आता?"